गेल्या वर्षीचा रिपोर्ट कुणाचा?

मंडळी, सकाळपासून डोक्यात एकच संशय घोळतोय.

डॉक्टर म्हणाले, शौचातलं न दिसणारं रक्त दरवर्षी तपासा, आतड्याचा कॅन्सर वेळेत सापडू शकतो. म्हणून काल वाशिंदहून दोन डब्या घेऊन शेणव्याला घरी गेलो. सकाळचं ताजं हवं, असं आईबाबांना बजावलं.

आज उठलो तर दोन्ही डब्या भरून ओट्यावर तयार. बाबा मात्र अजून अंथरुणात, आणि चहाशिवाय ते कधी जात नायत.

मी आईला विचारलं. तिने बाबांकडे बोट दाखवलं.

बाबाच बोलले, "तुज्या आयशीची तब्बेत बरी हाय, म्हून तिचंच दोन्हीत भराया सांगलं."

"आणि तुमचं?"

"माजं थोडं रगत जातंय. मूळव्याध असंल."

कधीपासून, ते सांगायला तयार नायत. उद्या त्यांना डॉक्टरांकडे नेतोय.

गेल्या वर्षी दोघांचेही रिपोर्ट चांगले आले, तेव्हा मी पेढे वाटले होते. आता बाबांच्या नावाचा तो कागद समोर ठेवून बसलोय.

तुमच्या घरच्या फाइलमधला कागद नक्की कुणाचा आहे, विचारलंय कधी?