दत्ता आणि ब्राझीलची पत्रं

दत्ता गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं केला तेव्हा मला आधी भीती वाटली, रडू नंतर आलं. एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती. आता ती जन्मभर माझ्याच मानगुटीवर बसणार...

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं ठाण्यात कोपरीला राहायचो. दत्ताच्या वडिलांची खाडीत होडी, आणि हा पठ्ठ्या ब्राझीलच्या एका पंक बँडला पत्रं लिहायचा! पत्ता कुठल्याशा परदेशी मासिकात मिळालेला. त्या बँडचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही. कारखान्यात खपणारी चार पोरं, उसनी गिटार, दोन-दोन मिनिटांची गाणी, तीही भांडल्यासारखी ओरडून म्हटलेली. तिकडे लष्कराचं राज्य. गाणी आधी सरकारी साहेबाला दाखवायची. त्यानं खोडलेल्या ओळी पोरं नुसती गुणगुणायची आणि समोरचे लोक मोठ्यानं म्हणायचे. गिटारवाला हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवायचा, दत्ता मला मराठीत सांगायचा. एकदा धावतच आला. "अरे, ड्रमवाल्याला पोलिसांनी स्टेजवरून उचललं रे! आठ दिवस पत्ता नाही. आला तो दोन बोटं मोडून... तरी वाजवतोय!" तिकडे घरात असले कागद ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती पोरं सगळं दत्ताकडे पाठवत. "ह्यांचा इतिहास मीच लिहिणार, बघ तू," तो म्हणायचा.

त्याच्या वडिलांना हे थेर खपत नव्हते, म्हणून पत्रांची ट्रंक माझ्या घरी. मला नुकतीच सरकारी नोकरी लागलेली, कायम व्हायच्या आधी पोलिसांची चौकशी बाकी होती. अशात पानवाला म्हणाला, "एक माणूस विचारत होता, परदेशातून पत्रं कोणाला येतात म्हणून." मला दोन दिवस घास उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी घरात कोणी नसताना सगळी पत्रं बंबात घातली आणि त्याच पाण्यानं आंघोळ केली. दत्ताला सांगितलं, "पोलीस आलेले. घेऊन गेले."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला एका शब्दानं बोलला नाही. "त्यात त्यांचे पत्ते होते रे... आता त्या पोरांचं काय?" एवढंच.

आठवड्यानं तो माणूस पुन्हा पानवाल्याकडे आला. शाळेतले मास्तर निघाले! मुलांसाठी पोस्टाची परदेशी तिकिटं जमवत होते. मी तडक दत्ताकडे निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत फिरलो. काय तोंड दाखवणार होतो? त्यानंतर दत्तानं तिकडे एक ओळ लिहिली नाही. आणखी दोन पाकिटं आली, ती न फोडता परत पाठवली. आपल्यामुळे ती पोरं पकडली जातील, ही धास्ती. पुढे तो डोंबिवलीला गेला, लग्न झालं, मुलगी झाली. मी रविवारी जायचो, भजी खायचो. कुठल्याही रविवारी सांगता आलं असतं. भित्रा होतो मी, दुसरं काय!

तेराव्यानंतर भेटायला गेलो. वहिनींनी चहा दिला, समोर बसल्या. "भाऊजी, एक विचारू? बेल वाजली की हे आधी मागच्या खोलीत जायचे. कोण आलंय ते मी सांगितलं की मगच बाहेर. मुलीच्या वाढदिवसालासुद्धा तेच. का, ते कधी बोलले नाहीत. तुम्हाला काही माहितेय?"

मी "नाही" म्हणालो.

तेवढ्यात बेल वाजली. वहिनींनी दार उघडलं आणि मागच्या खोलीकडे वळून सवयीनं म्हणाल्या, "इस्त्रीवाला आहे हो."