दोर सोडायचा इशारा

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, रियाधमधल्या एका व्हिलाच्या जिन्याखाली, आमच्या काकांवर अन्याय झाला. काका नात्याने नव्हेत, वयाने; ते रिगर आहेत, म्हणजे टॉवरच्या बांधकामावर क्रेनला ओझी बांधणारे. मूळचे नगरकडचे, राहायला शहराबाहेरच्या लेबर कँपात. अन्याय केला आमच्या मास्तरांनी. ते शहराच्या ओलाया भागात माझ्याच ऑफिसात कन्सल्टंट आहेत, पिकल्या केसांचे इंग्रज; व्हिला त्यांचाच. त्यांनी फ्रिजवरच्या शिकणाऱ्यांच्या यादीतून काकांचं नाव पेनाने खोडलं. मी शेजारीच उभी होते.

मास्तर आम्हाला चर्चची घंटा वाजवायला शिकवत होते. त्यांच्याकडे घंटा नुसती हलवत नाहीत, चाकाला बांधून अख्खी गोल फिरवतात आणि सहा माणसं सहा दोर क्रमाने ओढतात. इथे मनोरा कुठून आणणार? म्हणून सिम्युलेटर. जिन्याच्या वरच्या टोकाला वजन लावलेलं चाक, त्याचा दोर खाली सोडलेला, चाकापाशी सेन्सर. तुम्ही दोर ओढला की हेडफोनमध्ये घंटा वाजते. बाकीच्या पाच घंटा लॅपटॉप वाजवतो. ठोका वेळेत पडला तर पडद्यावर हिरवी रेघ, चुकला तर लाल. शेजाऱ्यांना पत्ताही नाही. आणि ते चाक वर चढवून पक्कं कोणी केलं? काकांनी. एका सकाळीत, चहासुद्धा न घेता.

काकांना शिकायची घाई होती. पुण्यातल्या एका चर्चमध्ये त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्या चर्चच्या मनोऱ्यात अशाच दोराच्या घंटा आहेत. तिथल्या मंडळींनी फोनवर शब्द दिला होता, "शिकून या, एक दोर तुमचा." नाव खोडलं तेव्हा लग्नाला पाच शुक्रवार उरले होते.

अडचण एकच. दोराला लोकरीची जाड मूठ असते. ती ओढून लगेच सोडायची आणि दोराचं टोक तेवढं हातात ठेवायचं. काका मूठ सोडेनात. चाक फिरलं की दोर त्यांना वर खेचायचा, टाचा उचलल्या जायच्या, पडदा लाल. तीन शुक्रवार लाल. "हात मोडेल त्यांचा," मास्तर म्हणाले. "नाही जमणार."

मी कॉलेजपासून पत्रकं वाटत वाढलेली मुलगी. त्याच संध्याकाळी दोन भाषांत पत्रक लिहिलं आणि फ्रिजवर लावलं. ज्याने चाक टांगलं त्यालाच दोर नाही, हा कुठला न्याय? सूचना फक्त इंग्रजीत का? एकूण चार मागण्या, शेवटी तीन उद्गारचिन्हं. मास्तरांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"छान लिहिलंय. पण हे सगळं मान्य केलं तर ते मूठ सोडतील?"

चार मागण्या लिहिल्या आणि काकांना एक प्रश्न विचारला नव्हता! पुढच्या शुक्रवारी गाडी काढून थेट कँपवर गेले. काका गेटसमोरच्या बकाल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, पायरीवर चहा पीत बसले होते.

"काका, मूठ का सोडत नाही तुम्ही?"

"अगं पोरी, वर ओझं असताना दोर असा सोडतात व्हय? इशारा आल्याशिवाय रिगर दोर सोडत नाही. मी ठरवतो सोडायचं, पण हात ऐकत नाहीत. आणि तुमचा तो कॉम्प्युटर! लाल होतो, हिरवा होतो. इशारा द्यायला त्याला हात कुठाय?"

"मी दिला तर?"

काकांनी मला वरून खाली बघितलं. "असल्या कपड्यात? जाकीट नाही, काय नाही. साइटवर गेटातूनच परत पाठवतील तुला."

मग त्यांचं नारिंगी जाकीट माझ्या अंगावर आलं, गुडघ्यापर्यंत. इशारा त्यांनी गाडीतच शिकवला: मूठ वळून हात वर, बोटं उघडली की सोड. व्हिलात मी त्यांच्यासमोर स्टुलावर चढले. पडद्यावर टॉवेल टाकला. हेडफोन बाजूला ठेवून लहानसा स्पीकर लावला. दोराचं टोक मास्तरांनी स्वतः धरलं, न कुरकुरता.

मी हात वर केला. काकांनी ओढलं. मी बोटं उघडली.

काकांचे हात उघडले! चाक पुरं फिरलं, घंटा वाजली आणि मास्तर ओरडले, "परत! परत!" मी आनंदाने स्टुलावरच नाचायला लागले आणि पुढचा इशारा चुकला.

"ए इशारेवाली, लक्ष कुठाय? माणूस मारशील!"

पुढच्या शुक्रवारी अख्ख्या हाताऐवजी नुसता पंजा पुरला. त्याच्या पुढच्या खेपेला एक बोट. चौथ्या शुक्रवारी बघते तर काका डोळे मिटून वाजवतायत. मी हळूच खाली उतरले.

"काका, स्टुलावर कोणी नाहीये."

"ठाऊक आहे. बोलू नकोस, मोजतोय."

मास्तरांनी टॉवेल उचलला. हिरव्या रेघांत मधे दोन-चार लाल. माझ्या पडद्यावर याच्या उलटं असतं, हे इथेच कबूल करते.

लग्नाच्या दिवशी ऑफिसच्या पँट्रीत मास्तर आणि मी एका फोनवर दोन डोकी घालून उभे. पलीकडे मनोऱ्यात काका, नव्या सुटात, कोट काढून खुंटीला. लग्न लागलं, घंटा सुरू झाल्या आणि दुसरा दोर आमचा! एकदा उशीर झाला, तर शेजारच्या बाई त्यांच्याकडे बघून हसल्या आणि काका त्यांच्याहून मोठ्याने हसले. मास्तर पँट्रीत हवेतला दोर ओढत होते. चहावाला बघतच राहिला.

आता तुम्ही, रियाधमधली ऑफिसवाली मराठी मंडळी. तुमच्या हॉलमध्येही काही ना काही शिकवतात: तबला, योगा, बुद्धिबळ. तिथे कँपातलं कोण येतं? येत्या शुक्रवारी गाडी काढा, कँपच्या गेटवर जा, यायची इच्छा असलेल्या एका माणसाला घेऊन या. त्याला जमेना झालं तर आधी त्याच्या कामाबद्दल विचारा, मग त्याच्या चुका मोजा. गाडीत जागा नाही म्हणू नका. मागची सीट रिकामी असते, मी बघितलीय.