टोपलीतला वर्ग

आमचे धम्मदीप सर म्हणजे ऑनलाइन शिकवण्यात कॉलेजची शान. माझ्या इतिहासाच्या तासाला नऊ जण उगवले तरी मी देव पावला म्हणायचो. त्यांच्या भूगोलाला एकट्या वडनेर गावच्या एकोणीसच्या एकोणीस मुली हजर. वर प्रत्येक मुद्द्याला 'समजलं' म्हणून अंगठे. स्वतः खपून केलेले नकाशे, स्वच्छ आवाज, खोट काढायला जागाच नव्हती. मी मात्र मनातून जळायचो.

विद्यापीठाची समिती दुसऱ्या दिवशी येणार होती. पसंत पडलं तर सरांची पद्धत सगळ्या कॉलेजांना लागू होणार होती. दोन वर्षं सर याच दिवसासाठी राबले होते. मुलींचा शिकतानाचा व्हिडिओ हवा म्हणून आम्ही न कळवता वडनेरला गेलो. दहाचा तास सरांनी गावात चालता चालताच मोबाइलवरून सुरू केला.

पाण्याच्या टाकीपाशी आलो आणि मी हादरलोच. सरांचा आवाज समोरूनही येत होता. ओट्यावर कापूस वेचायची टोपली, तिच्यात एकोणीस मोबाइल, आणि शेजारी एक म्हातारी, रुख्माबाई. सर बोलायचे थांबले तशी बाईंनी भराभर सगळ्या मोबाइलवर अंगठे उमटवले.

"पोरी कुठं आहेत?" मी विचारलं.

"कापूस येचाले गेल्या. वावरात रेंज नाही ना, इथं गावातच येते. मास्तर थांबला का आंगठा दाबाचा, असं सांगून गेल्या. माहे गुडघे दुखते, मी बसून राह्यतो."

सरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाचा तास आम्हीच लावला होता. कुणाला विचारलं होतं? शरमेनं माझी मान वर होईना.

बाईंनी आवाज ओळखला. "तुमीच का ते मास्तर? मंग एक सांगा. काळी माती पाणी धरून ठेवते म्हनता, तर उन्हायात आमच्या वावराले हात जाईल एवढ्या भेगा काऊन पडते?"

सर मटकन ओट्यावर बसले. दोन वर्षांत त्यांना कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी मोबाइल बंद केला, मातीचं ढेकूळ उचललं आणि तासभर बाईंशी बोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी समितीनं व्हिडिओ मागितला तेव्हा सर उभे राहिले. मी डोळेच मिटून घेतले.

"वडनेरला माझ्या तासाला एकच विद्यार्थिनी असते," ते म्हणाले, "आणि तिचं नाव पटावर नाही."