कोकमतेलाच्या जागी वनस्पती तूप

मी चौथी पास, पण दाढीचा साबण इकडे उत्तरेत, आमच्या इंदिरा नगरात माझ्यासारखा कोणाला जमत नव्हता. खोबरेल, एरंडेल, ग्लिसरीन, पोटॅशचं पाणी आणि माहेरचं कोकमतेल. त्याचे पिवळट गोळे लहानपणी आम्ही टाचांच्या भेगांना लावायचो. साबणात घातले की फेस दाट होतो आणि गालावर ओला राहतो. आमचे हे बँकेत जाण्याआधी त्यानेच दाढी करायचे. बाकीच्या वड्या चारबागचा एक नाई घ्यायचा. त्याची परीक्षा ठरलेली. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावायचा आणि मग सावकाश वस्तरा पट्ट्यावर घासत बसायचा. तेवढ्यात फेस सुकला की साबण नापास.

खालच्या मजल्यावर एअरफोर्सवाल्याची बायको राहायला आली, मालवणकडची. तिला साबण मीच शिकवला. त्याचा पश्चात्ताप मला आजही होतो.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास कोकमतेल महागलं आणि भावाने पाठवणं बंद केलं. मी अमीनाबादहून वनस्पती तूप आणून त्याच्या जागी घातलं. ग्लिसरीनही अर्धं केलं. वडी दिसायला उलट जास्त पांढरी झाली. कोणाला काय कळणार, असं मला वाटलं.

दोन महिन्यांत नाईने वड्या परत केल्या. "अम्मा, आपका साबुन मुँह पर सूख जाता है. नीचे वाली बहूजी का नहीं सूखता."

तिला कोकमतेल आयतं मिळत होतं. नवऱ्याच्या हाताखालचे लोक सुट्टीवरून येताना ट्रंकेत घालून आणायचे. तिच्या घरातून साबणाचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायची. तिचा साबण वाईट असता तर मी दोन नावं ठेवून मोकळी झाले असते. पण तो चांगला होता. माझाच होता, पहिल्यासारखा.

मग एक दिवस ह्यांच्या दाढीच्या डब्यात पिवळट वडी सापडली. कुठून आली म्हणून विचारलं, तर हे आरशातून नजरही न काढता म्हणाले, "खालच्या वहिनींनी दिली. तुझ्या साबणाने हनुवटी सोलवटते गं."

नाई गेला ते मी सोसलं होतं. हे सोसवलं नाही. ती वडी मी मोरीतलं पायपुसणं धुऊन धुऊन संपवली.

वर्षभराने ट्रंकेतून तेल आणणाऱ्यांची बदली झाली आणि तिचेही गोळे थांबले. ती वर आली. म्हणाली, "काकू, तुम्ही कोकमतेलाऐवजी काय घालता?"

मी तिला बसवलं, चहा दिला. वनस्पती तूप सांगितलं, अमीनाबादचं दुकान सांगितलं, ग्लिसरीन अर्धं पुरतं हेही सांगितलं. फेस कसा होतो ते तिने विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

नाईने तिच्याही वड्या परत केल्या आणि कारखान्याची ट्यूब वापरायला लागला. आमचे हे पण तीच ट्यूब घेऊन आले. ट्यूबच्या फेसाला कोकमतेलाची सर नव्हती. पण ती खालून आलेली नव्हती, म्हणून मी ती डब्यात राहू दिली.