लोधिवलीला न गेलेलं आवतण

वर्ष संपताना मॅडमनी सगळ्यांना एक पान लिहायला लावलं. व्यावसायिक संवाद या विषयातून तुम्ही काय शिकलात, प्रामाणिकपणे लिहा. मी लिहिलं की आत्मविश्वास वाढला, नजरेला नजर देऊन बोलता येतं, ईमेलचा विषय एका ओळीत मांडता येतो, मोजक्या शब्दांत नेमकं सांगता येतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मॅडमना ते पान इतकं आवडलं की त्यांनी ते फळ्याशेजारी लावलं. जाता-येता ते दिसायचं आणि मी दुसरीकडे बघायची. जे खरं शिकले ते मी तिथे लिहिलंच नव्हतं. ते आता लिहिते.

आमचं गाव कर्जत-चौक रस्त्यावर आहे आणि कॉलेज कर्जतला. पहिल्या तासाला ओळख करून द्यायची होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, माझं गाव हितंच हाय. वर्ग असा हसला की विचारू नका. मी खाली बसले तेव्हा कान तापले होते. मी मुळातच हट्टी, त्यात हे. ठरवलं, या विषयात या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पहिली येईन. दोन महिन्यांत मी ‘हाय-नाय’ तोंडातून काढून टाकलं आणि घरीदारी सगळ्यांना सुधारायला लागले. आई फोनवर मामीशी बोलत असली की मी हातवारे करून सांगायची, आधी मुद्दा सांग, मग बाकीचं. आई म्हणायची, हिला कॉलेजात घातली का कोर्टात?

मॅडम शिकवायच्या ते चांगलंच होतं, उगाच त्यांच्या नावाने कशाला बोटं मोडू. निरोपात कोण, काय, कधी, कुठे एवढं हवं, फाफटपसारा नको, समोरच्याचा वेळ मोलाचा असतो. मला ते इतकं पटलं की आमच्या गावात माणसं दिवसभर जे बोलतात त्यातलं निम्मं फुकट आहे असं मला वाटायला लागलं. शेफारलेच होते मी.

त्याच वर्षी बाबा निवृत्त होणार होते. रसायनीच्या एका कंपनीत ते बॉयलरवर होते. माझ्या जन्माच्या आधीपासून कंपनीच्या बसने जात होते. शेवटची पाळी झाली की पुढच्या रविवारी दारात सत्यनारायण घालायचा आणि गावाला जेवण द्यायचं, हे त्यांनी कधीच ठरवलं होतं. त्यांच्या मनात आणखी एक होतं. ते त्यांनी फक्त आईला आणि मला सांगितलं. या कार्याला मोठ्या काकांना आणायचं.

मोठे काका म्हणजे बाबांचे एकुलते एक थोरले भाऊ. सहा वर्षं दोघं बोलत नव्हते. काकांनी आपल्या वाट्याची जमीन मुंबईच्या एका माणसाला फार्महाऊससाठी विकली, त्याने कंपाउंडची भिंत घातली आणि आमच्या खाचराकडे जायची गाडीवाट त्या भिंतीच्या आत गेली. तेव्हापासून आम्ही ओढ्याकडून वळसा घालून शेतावर जातो. बाबांचा राग वाटेचा नव्हता. दादाने विकायच्या आधी एका शब्दाने विचारलं नाही, हे त्यांना लागलं होतं. काकांनी लोधिवलीला हायवेजवळ घर बांधलं. कंपनीची बस रोज त्या घरावरून जायची. बाबांबरोबर कंपनीत असलेले एक जण मला नंतर म्हणाले, तुझा बाप लोधिवली आली का पेपर तोंडासमोर धरायचा, आणि पेपर कदी कदी उलटा असायचा. हे ऐकून मी हसले होते.

आमच्याकडे कार्याचं आवतण दारात जाऊन देतात. कुंकवाच्या अक्षता हातावर ठेवायच्या, बसायचं, पाणी घ्यायचं, गुडघे कसे आहेत, भात कसा झाला विचारायचं आणि उठता उठता सांगायचं, अमक्या दिवशी कार्य आहे, यायचं. थोरल्या भावाला तर एवढ्याने भागत नाही. कार्याच्या दिवशी सकाळी धाकट्याने स्वतः जाऊन त्याला बरोबर आणायचं असतं. भांडण असलं तर ते असंच मिटतं. कोणी माफी मागत नाही, कोणी जुनं उकरत नाही. धाकटा दारात उभा राहतो, थोरला चपला घालतो, झालं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आणि तरी मी काय केलं, तर मोबाईलवर निमंत्रण तयार केलं. वर गणपती, खाली दिवस, वेळ, स्थळ, नकाशाची लिंक आणि शेवटी ‘आपली उपस्थिती कृपया कळवावी’. एकही शब्द जास्त नाही. सगळ्या भावकीला, गावाला आणि पाहुण्यांना एका दमात पाठवलं. आत्याच्या मुलाकडून मोठ्या काकांचा नंबर मिळवला आणि त्यांनाही पाठवलं. तेच निमंत्रण मी वर्गात नमुना म्हणून दिलं आणि मॅडमनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या दिवशी मी घरी आले ती तरंगतच.

घरी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पिशवीत नारळ घेऊन निघायच्या बेतात होते. लोधिवलीला जाऊन सांगून येतो म्हणाले. मी म्हटलं, कशाला दगदग करताय, काकांना कालच पाठवलंय, वाचलंय त्यांनी. फोन पुढे करून दोन निळ्या खुणा दाखवल्या. खाली काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

बाबांनी फोन लांब धरून ते चित्र बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “मंग येल म्हनतेस?”

“येतील ना. होकारच आहे तो.”

त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. इतक्या लवकर ऐकतील असं मला वाटलं नव्हतं. माझ्या बोलण्यात वजन आलंय असं वाटून मी खूश झाले. आई चुलीपाशी होती, तिने सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती कुंकवाची कुयरी घेऊन गावात घरोघर फिरली. मी म्हटलं, अगं, सगळ्यांना गेलंय. ती म्हणाली, गेलं आसंल, मी बी जाते. गाव आईने सांभाळलं. लोधिवली तेवढी माझ्या मेसेजवर राहिली.

कार्याच्या दिवशी सकाळी बाबा अंघोळ करून ओटीवर उभे होते. शेजाऱ्याची मोटारसायकल दारात होती. म्हणाले, जाऊन आनू का दादाला? अर्ध्या तासात येतो. मी हार ओवत होते. मी मान वर न करता म्हटलं, आता भटजी येतील, यजमान जाग्यावर नको का? काकांना वेळ कळवलेली आहे बाबा, ते काय लहान आहेत? बाबा आत गेले आणि सोवळं नेसून पाटावर बसले.

पूजा झाली, कथा झाली. बाबांनी आरती दोनदा थांबवली. भटजींना पुढे कशेळ्याला दुसरी पूजा होती, ते घड्याळ बघायला लागले. बाबांची नजर सारखी रस्त्याकडे. पंक्ती बसल्या तेव्हा त्यांनी पहिल्या पंक्तीत भिंतीकडचं पान मोकळं ठेवलं आणि तिथे कोणाला बसू दिलं नाही. गावातल्या सगळ्यांना कळलं ते पान कोणाचं. शेवटची पंक्त उठेपर्यंत त्या पानावर वाढलेला भात सुकून गेला. मग बाबांनी स्वतः ते पान उचललं, बाहेर गाईपुढे ठेवलं आणि म्हणाले, “आपून बोलावलं, तो नाय आला. संपलं.”

मलाही काकांचा रागच आला होता. हात जोडून होकार देतात आणि येत नाहीत, हा काय माणूस झाला? मी तर आईला म्हटलंसुद्धा, काही लोकांना शिष्टाचारच नसतो. आईने हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं. अक्कल गहाण टाकली होती मी.

काका त्यानंतर चार महिन्यांनी गेले. सकाळी कॉलेजला निघताना माझ्या फोनवर मेसेज आला. काकांच्या मुलाने पाठवला होता. वडिलांचे पहाटे दुःखद निधन, अंत्ययात्रा अमुक वाजता राहत्या घरापासून, खाली नकाशाची लिंक. कोण, काय, कधी, कुठे. एकही शब्द जास्त नाही. मी तो दोनदा वाचला आणि दप्तर ओटीवरच टाकलं.

बाबा शेतावर वालाच्या शेंगा काढत होते. मी ओढ्याकडून धावत गेले. त्यांना सांगितलं तेव्हा ते वाकलेलेच राहिले. मग विचारलं, “सांगाया कोन आलंय?”

भावकीत कोणी गेलं तर एक माणूस दारात येऊन सांगतो. तो पाणीही न पिता परत फिरतो. मी म्हटलं, कोणी नाही आलं, मेसेज आलाय. बाबांनी मान हलवली. हातातल्या शेंगा फडक्यात टाकल्या, ओढ्यावर हातपाय धुतले आणि म्हणाले, चल. मयताला आवतण लागत नाही.

लोधिवलीच्या त्या घरात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होते. काकांना अंगणात ठेवलं होतं. बाबांनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि उठेचनात. दोघातिघांनी त्यांना धरून उठवलं. मी बायकांमध्ये भिंतीला टेकून उभी होते. मोठी काकू बाबांना बघून आधी रडली आणि मग रडत रडतच बोलायला लागली. ती भांडत नव्हती, हेच वाईट होतं. ती नुसतं सांगत होती.

ती म्हणाली, तुमच्या पूजेच्या दिवशी हे पहाटे उठले. पूजेला जायचं म्हणून काही खाल्लं नाही, चहासुद्धा नाही. नवा सदरा घातला, टोपी घातली आणि फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. मी म्हटलं, रिक्षा करा नि जावा, बोलावलंय तर खरं. तर म्हणाले, पोरीने कळवलंय गं, भावाने कुठं बोलावलंय? तो येल न्यायला. मोटारसायकल वाजली का उभे राहायचे. दुपार टळली तरी उठेनात. संध्याकाळी मीच हाताला धरून आत आणले.

“तुमी नुसते दारात आला असता ना भावजी,” काकू म्हणाली, “तर अनवानी आले असते हो ते.”

मला वाटलं, आता बाबा माझ्याकडे बघतील. सांगतील की मी निघालो होतो, दोनदा निघालो होतो, या पोरीने अडवलं. सांगायला हवंच होतं त्यांनी. मी तर वाटच बघत होते, कोणीतरी मला फाडफाड बोलावं म्हणून.

बाबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “चुकलं माजं वैनी. मीच नाय आलो.”

चाळीस जणांच्या वर्गात उभी राहून मी न अडखळता बोलते. तिथे मला एक वाक्य बोलायचं होतं, चूक माझी आहे. जीभ उचललीच नाही. त्यांनी काकांना उचललं, बाबांनी पुढचा खांदा दिला, आणि मी तशीच भिंतीला टेकून राहिले.

परत येताना चौकला एसटीची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. बाबांच्या अंगावर अजून ओले कपडे होते. मग माझा बांध फुटला. मी म्हटलं, बाबा, माझं नाव का नाही घेतलंत? मी थांबवलं तुम्हाला. माझ्यामुळे झालं हे सगळं. रस्त्यावरची माणसं बघायला लागली तरी मला रडणं आवरेना.

बाबा समोर बघतच म्हणाले, “बाय, तू काय मला दावं लावून नव्हतं बांधलंस. मला त्याच्या दारात उभं रायची लाज वाटत व्हती. सा वर्सं झालेली, काय तोंड घेऊन जाऊ? तू म्हनालीस का कळवलंय, तवा मला बरंच वाटलं. सुटलो आसं वाटलं.”

एवढं बोलून ते हमसून रडायला लागले. मी माझ्या बापाला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. एसटी आली, थांबली, निघून गेली. आम्ही दोघंही उठलो नाही.