पिकअपवाली आणि नवा पिनियन

टेकडीवरच्या कारखान्यातून फरश्या खाली शहरात पोचवणाऱ्या त्या बाईला सगळे पिकअपवालीच म्हणत. नवऱ्याची पाठ धरली, त्याला स्टिअरिंगपाशी बसवेना, तेव्हा गाडी तिच्याकडे आली. त्याला सोळा वर्षं झाली होती. हमाल तिला वचकून असत. एक फरशी फुटली तरी ती असं काही बोले, की पुढची खोकी ते तान्ह्या बाळासारखी उचलत. भीती कशाशी खातात ते आपल्याला ठाऊक नाही, असं ती स्वतःच सांगत फिरायची.

एकच गोष्ट तिला खुपत होती. उतार संपला की शहरापर्यंत सरळसोट सपाट रस्ता. तिथे टॉप गिअरमध्येसुद्धा इंजिन नुसतं ओरडायचं आणि डिझेल ढोसायचं. तिने गॅरेजमधल्या मिस्त्रीकाकांच्या मागे लकडा लावला. शेवटी त्यांनी मागचा अ‍ॅक्सल खोलून आतला क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांचा जोड बदलला. आता इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाकं जास्त फिरणार होती.

“पोरी, नीट ऐक,” काका हात पुसत म्हणाले. “सपाटीला अ‍ॅव्हरेज देईल. पण उताराला इंजिन पूर्वीसारखं गाडी धरणार नाही. एक गिअर खालीच राहा. आणि काटा आता वेग खऱ्यापेक्षा कमी दाखवेल, त्याच्यावर जाऊ नकोस.”

“हो हो, काका,” ती म्हणाली. तिचं सगळं लक्ष गाडीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरला. शेजारी धाकटी नणंद बसली होती. तिला शहरात दाढ काढून घ्यायची होती आणि त्या धास्तीने ती गप्प होती. उतार लागला. सोळा वर्षांच्या सवयीने हात तिसऱ्या गिअरवर गेला आणि तिथेच राहिला.

दुसऱ्या वळणावर तिला जाणवलं, की झाडं फार भराभर मागे पळतायत. काटा तर चाळीसच दाखवत होता. तिने ब्रेक दाबला. गाडी दबली, पुन्हा सुटली. पुन्हा दाबला. जळका वास आला.

“वहिनी, कसला गं वास?”

तिने पाय आणखी जोरात दाबला. पुढच्या वळणाला पेडल भसकन खाली गेलं. हँडब्रेक ओढला, नुसतीच करकर. तळहात घामाने स्टिअरिंगवरून सरकू लागले. मागे फरश्यांची खोकी केबिनला धडाधड आपटत होती. एकेका फरशीचं वजन तिला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या मानेवर जाणवलं. नणंदेची बोबडी वळली होती. ती फक्त “वहिनी, वहिनी” करत होती.

तेव्हा काकांचं बोलणं आठवलं. तिने क्लच दाबला, गिअर काढला. लागला नाही तर? त्या क्षणी गाडी कशालाच बांधलेली नव्हती. तिने अ‍ॅक्सिलरेटर देऊन दांडा खेचला. खर्रकन दुसरा पडला. इंजिन किंचाळलं, दोघी पुढे फेकल्या गेल्या, वेग थोडा मोडला. थोडाच. पुढे उजवीकडे दरी, डावीकडे रस्ता दुरुस्तीवाल्यांनी ओतलेला खडीचा ढीग. तिने डोळे मिटले नाहीत, एवढंच तिला नंतर सांगता आलं. स्टिअरिंग डावीकडे घातलं. पिकअप बोनेटपर्यंत खडीत रुतून बंद पडली.

 मग नणंद म्हणाली, “माझी दाढ दुखायची थांबली.” आणि दोघी हसायला लागल्या, हसता हसता रडायला.

काकांनी जुना जोड परत बसवला. एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचंच तिला जास्त लागलं. गाडी तयार होऊनही आठ दिवस तिला चावी फिरवता येईना.  नवव्या दिवशी नवरा पाठीला उशी लावून शेजारी येऊन बसला.

“अहो, तुमची पाठ...”

“पाठीचं मी बघतो. तू दुसरा टाक.”

ती उतार उतरली. इतकी सावकाश, की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वैतागल्या. त्यानंतर बरीच वर्षं तिने तो रस्ता केला, पण उतार लागला की ती बोलायची थांबायची, आणि हमालांना मात्र रोज सांगायची, “मला भीती वाटते बाबांनो, दोर नीट आवळा.”