आधी कुठून, मग कुठं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, संघटनेत नाही. सभेत माइक हातात आला की मी आवाज चढवून बोलतो, पण हे — हे कधी तोंडातून निघालं नाही.

वडील पत्रकं छापायचे, आम्ही भावंडं घड्या घालायचो. त्यांवरच मी वाचायला शिकलो. खोट्याला तोंडावर खोटं म्हणायचं, ही घरची शिस्त. म्हणून पुढं जे केलं, ते मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आमचं एक काम चालू होतं. फुलंब्रीकडच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांनी धर्मांतराचे दिवस सांगायचे, आम्ही रेकॉर्ड करायचे. आम्ही म्हणजे खरं तर वंदनाताई. ती एसटीनं शहरात यायची, क्रांती चौकाजवळच्या आमच्या खोलीत बसून मोबाइलमधलं सगळं कम्प्युटरवर उतरवायची आणि पुढच्या गावासाठी मोबाइल रिकामा करायची. तिची सख्खी आत्या, गयाबाई, सबंध दुपार बोलली होती. पुढं ती वारली.

हे सगळं बाहेरून जोडायच्या एका डिस्कवरही राहावं म्हणून मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली. कमांड देताना स्क्रिप्टच्या नावापुढं दोन जागा लिहायच्या — कुठून घ्यायचं आणि कुठं ठेवायचं. यांना आर्ग्युमेंट म्हणतात. ठेवायची जागा हुबेहूब पहिलीसारखी करायची, तिथं जास्तीचं असेल ते पुसायचं, एवढंच स्क्रिप्टचं काम. तिला शब्दांचा अर्थ कळत नाही. पहिला कोण, दुसरा कोण, एवढंच कळतं. वंदनाताई टाइप करताना पुटपुटायची, "आधी कुठून, मग कुठं." कधी चुकली नाही.

मग मला वाटलं, अनेक गावांचे फोल्डर एकदम देता आले तर? त्यासाठी ठेवायची जागा आधी लिहिणं सोयीचं होतं. मी क्रम उलटा केला. पुसण्याआधी स्क्रिप्टनं एकदा विचारावं, एवढीही सोय ठेवली नाही. आणि वंदनाताईला सांगितलं? नाही. विसरलो म्हणू? विसरलो नव्हतो. सांगू नंतर, म्हटलं. तिला काय विचारायचं — हेही आत कुठंतरी होतंच.

त्याच आठवड्यात जुनी डिस्क बिघडली. नवी, कोरी डिस्क लावून तिनं नेहमीसारखी कमांड दिली. स्क्रिप्टनं कोऱ्या डिस्कला मूळ मानलं आणि कम्प्युटरवरचा फोल्डर तिच्यासारखा केला. रिकामा.

तिचा फोन आला, मी धावत गेलो. पुसलेलं परत येतं का पाहिलं; आलं नाही. ती दादांना — आमच्या संघटनेतल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्याला — बोलवायला खाली गेली. मी स्क्रिप्ट उघडली. काय झालं ते एका नजरेत कळलं. आणि मी — मनातल्या मनातही दर वेळी इथंच अडतो — क्रम पुन्हा पहिल्यासारखा केला. सेव्ह केलं.

दादा आले, आणखी दोघंतिघं आले. स्क्रिप्ट दाखव म्हणाले. दाखवली. आधी कुठून, मग कुठं. सगळं जिथल्या तिथं.

"मशीन हाय ताई ती, म्हैस नाय," एकजण हसला. "आपण चुकलो तरी नीट घरी यायला!"

वंदनाताई स्क्रीनकडं बघत राहिली. "माझाच हात उलटा गेला असंल," ती म्हणाली. "माझ्याच आत्याचं गेलं की ओ, दादा."

मी तिच्या शेजारी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हणालो माहिताय? "जाऊ दे ताई, होतं असं." म्हणजे — मी तिला माफ केलं!

तेव्हापासून ती कम्प्युटरला हात लावत नाही. रेकॉर्डिंगलाही जात नाही. "नको बाबा, लई नुकसान झालं माझ्यानं," म्हणते. सभेला येते, सतरंज्या घालते, मागं बसते. मध्यंतरी मी एक पत्रक लिहिलं — चूक वरच्याची आणि बोल खालच्याला, अशा मजकुराचं. क्रांती चौकात उन्हात उभं राहून तिनं ते वाटलं. वाटून झाल्यावर म्हणाली, "लई खरं लिहितो रं तू." मी मान हलवली.

तिनं कमांड बरोबर दिली होती. गयाबाईचा आवाज मी घालवला. तो आपल्या हातानं गेला, असं वंदनाताई आजही समजते.